सांगोला विधानसभा: १९६२ पासून १५ निवडणुका आणि आमदार फक्त ४

माणकाठचा
महाराष्ट्र राज्य झाल्यापासून सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात विधानसभेच्या १४ सार्वत्रिक निवडणुका आणि १ पोटनिवडणूक झाली. एवढ्या सगळ्यांत मिळून निवडून आलेली माणसं फक्त ४. गणपतराव देशमुख ११ वेळा, शहाजीबापू पाटील २ वेळा, काकासाहेब साळुंखे १ वेळा आणि आता २०२४ ला डॉ. बाबासाहेब देशमुख. राज्यात असा दुसरा मतदारसंघ मला तरी आठवत नाही.

आबासाहेबांचा, म्हणजे गणपतराव देशमुखांचा, हिशोब असा: १९६२, ६७, मग ७२ ला पडले, ७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, मग ७८, ८०, ८५, ९० ला आले, ९५ ला पडले, परत ९९, २००४, २००९, २०१४. सगळ्या वेळी शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), सगळ्या वेळी सांगोला. मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर, वकिली शिकलेला माणूस, सांगोल्यात आला आणि इथलाच झाला. २०१९ ला वयामुळं उभे राहिले नाहीत आणि ३० जुलै २०२१ ला गेले.

आता विचारायचं ते विचारतो. साधेपणा, एसटीचा प्रवास, पक्ष न सोडणं हे सगळं पेपरात शंभर वेळा छापून आलंय आणि ते खरंच आहे, त्यावर वाद नाही. मला बोलायचंय ते प्रतिनिधित्वाबद्दल. एका तालुक्यानं पन्नासच्या वर वर्षं एकच माणूस मुंबईला पाठवला, तोही अशा पक्षाचा की जो राज्यात कधी स्वतःच्या जोरावर सत्तेत येणार नव्हता, त्याचा तालुक्याला फायदा झाला का तोटा? तालुक्यातल्या आणि बाहेरच्या, दोघांनीही लिहा. पण जातीवरून आणि खालच्या पातळीवर नको.

सोलापुरी_चादर
चांगला विषय. ९५ चा निकाल आमच्या घरात अजून निघतो, १९२ मतांनी पडले होते आबासाहेब. शहाजीबापू तेव्हा काँग्रेसकडून होते. एवढ्या मोठ्या मतदारसंघात १९२ म्हणजे एखाद्या वाडीची मतं हो. आणि २०१९ ला नातू डॉ. अनिकेत ७६८ मतांनी पडले, समोर परत बापूच, त्या वेळी शिवसेनेकडून. म्हणजे बापू दोनदा निवडून आले आणि दोन्ही वेळा मिळून फरक हजाराच्या आत. उलट २०१४ ला मोदी लाट असताना ८८ वर्षांचे आबासाहेब सुमारे २५ हजारांनी आले होते, तेव्हाही समोर बापूच.

माणकाठचा
@सोलापुरी_चादर हो आणि २०२४ ला बाबासाहेब आले तेही सुमारे २५ हजारांनीच.

खिल्लार
तोटाच झाला असं माझं मत हाय, आणि आबासाहेबांबद्दल मनात पूर्ण आदर ठेवून सांगतो, आमच्या घरात तीन पिढ्या लाल बावट्याला, म्हणजे शेकापलाच मतदान.

माणदेशातला तालुका, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तो पण कधी येईल त्याचा नेम नाही. माण नदी म्हणायची नदी, पण वर्षातनं वाहती किती दिवस? पलीकडं माळशिरस अकलूज बघा, नीरेचं पाणी, ऊस, कारखाने, शाळा कॉलेजं. पंढरपूरला भीमा, वर उजनी. मधे आम्ही. का? कारण त्यांचे पुढारी सत्तेत, आमचा आमदार विरोधात. विरोधी बाकावरनं कितीही चांगलं भाषण केलं तरी कालव्याचा पैसा बजेटमधनं येतो आणि बजेट सरकार करतं. एवढं साधं हाय ते.

सत्तेत असलेला काळ मोजा तुम्ही. ७२ ते ७४ काकासाहेब काँग्रेसचे. ७८ ला शरद पवारांचं पुलोद आघाडीचं सरकार, आबासाहेब मंत्री, ते सरकार ८० च्या फेब्रुवारीत बरखास्त. ९५ ला लोकांनी बदल म्हणून काँग्रेसचा आमदार दिला तर नेमकी शिवसेना-भाजप युती सत्तेत आली, परत विरोधात. ९९ ला विलासराव देशमुखांच्या सरकारात आबासाहेब मंत्री, पणन आणि रोजगार हमी, २००२ ला शेकापनं पाठिंबा काढला, संपलं. मग थेट २०१९ ते २४ बापू. बासष्ट वर्षांत दहा-अकरा वर्षं सत्तेच्या बाजूला, बाकी सगळी बाहेर. आता परत बाहेर. पाणी कसं येणार?

टेंभू_टप्पा
@खिल्लार तुमची मोजणी बरोबर आहे पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, कृष्णा खोऱ्याच्याच कामांवर, आता निवृत्त. सविस्तर लिहितो.

सांगोल्याला कृष्णेचं पाणी येतं ते टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांमधून. टेंभू गाव कऱ्हाड तालुक्यात, तिथं कृष्णा अडवून पाणी टप्प्याटप्प्यानं पंपानं वर चढवत कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी असं करत सांगोल्यापर्यंत आणायचं, एकूण लाभक्षेत्र सुमारे ८० हजार हेक्टर. तुमचा तालुका या वाटेच्या पार शेवटाला. आता ही वाट ज्या तालुक्यांतून जाते तिथले आमदार बघा. कडेगावकडं पतंगराव कदम, तासगावला आर. आर. पाटील. दोघंही वर्षानुवर्षं मंत्री, एक तर उपमुख्यमंत्री झाले. यांच्यापेक्षा वजनदार माणसं कुठून आणणार? तरीही त्यांच्या भागात पाणी पोचायला किती काळ गेला ते तिथल्या शेतकऱ्याला विचारा. सत्तेतला आमदार म्हणजे पाणी, हे गणित एवढं सरळ असतं तर टेंभू कधीच पूर्ण झाली असती.

मुळात या योजना पुढं सरकल्या त्या १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ झाल्यावर. तेव्हा सरकार युतीचं. घाई का झाली? तर कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेलं ५६० टीएमसी पाणी मे २००० पर्यंत अडवून वापरात आणायचं होतं, नाहीतर पुढच्या लवादापुढं दावा कमजोर झाला असता. म्हणून रोखे काढून पैसा उभा केला आणि सगळीकडं एकदम कामं सुरू केली, तिथंच गणित चुकलं, कारण एकदम सुरू केलेली कामं पैसा संपल्यावर एकदमच थांबली. आमच्या डोळ्यांसमोर मोठाल्या पाइपा वर्षानुवर्षं गंजत पडल्या होत्या.

आणि दुसरी गोष्ट, ती जास्त महत्त्वाची. दुष्काळी १३ तालुक्यांची पाणी चळवळ. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरायची, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख. सांगली, सातारा, सोलापूर तीन जिल्ह्यांतले हजारो लोक यायचे. कृष्णेचं पाणी फक्त नदीकाठच्या उसाला नको, वरच्या माळावरच्या ज्वारी-बाजरीवाल्याला पण हक्कानं द्या, हे तिथं ठासून मांडलं गेलं. सरकार कुठलंही असो त्याला या परिषदेला उत्तर द्यावं लागायचं. आमच्या ऑफिसात परिषदेच्या आधी पंधरा दिवस नुसती धावपळ, कुठल्या टप्प्याचं काय झालं त्याचे तक्ते करायचे. हा दबाव विरोधी पक्षातल्या माणसानंच आणला, सत्तेतला आमदार स्वतःच्या सरकारविरुद्ध दरवर्षी परिषद घेतो का?

खिल्लार
@टेंभू_टप्पा साहेब, परिषदेला आम्ही पण गेलोय ट्रॅक्टरमधनं. ते खरं हाय. पण तेवढ्यात एक पिढी गेली ना. माझ्या वडिलांच्या वयाची माणसं रोजगार हमीवर खडी फोडून म्हातारी झाली. मला दबाव कोणी आणला त्याच्यापेक्षा पाणी कधी आलं ते महत्त्वाचं.

गलाईवाला
मी केरळातनं लिहितोय, कोट्टायमजवळ. आटपाडी-सांगोला-खानापूर पट्ट्यातली आमच्यासारखी हजारो पोरं सोन्याचांदीच्या गलाईला, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामाला, भारतभर पांगली, कारण दुष्काळ, दुसरं काही नाही. @खिल्लार म्हणतात ती गेलेली पिढी म्हणजे आमचीच.

एक दुरुस्ती करतो, कारण आपल्याकडं सर्रास बोललं जातं की एकाच मतदारसंघातून सगळ्यात जास्त वेळा निवडून यायचा देशातला विक्रम आबासाहेबांचा. महाराष्ट्रात त्यांच्या बरोबरीला कोणी नाही हे बरोबर. पण इथं जवळच पाला मतदारसंघ आहे, तिथून के. एम. मणी १३ वेळा निवडून आले, १९६५ पासून २०१६ पर्यंत एकदाही न हरता. आणि पुदुपल्लीतून ओमन चांडी १२ वेळा, ते दोनदा मुख्यमंत्री झाले. करुणानिधी पण १३ वेळा आमदार पण ते मतदारसंघ बदलत राहिले.

मला तुलनेत जे दिसतं ते सांगतो. मणींनी स्वतःचा पक्ष सत्तेत येऊ शकणाऱ्या आघाडीशी जोडून घेतला, अनेक वेळा अर्थमंत्री, राज्याची बजेटं मांडली त्यांनी. पाला गावातले रस्ते बघितले तर कळतं की इथं अर्थमंत्री राहायचा. आबासाहेबांना पण हे करता आलं असतं, काँग्रेसमध्ये गेले असते तर कायमचे मंत्री झाले असते, शेकापची किती मोठी मोठी माणसं गेली तशी. ते गेले नाहीत. आम्ही बाहेर राहणारी माणसं त्यांचं नाव अभिमानानं सांगतो, पण माझ्या गावचा रस्ता आणि पालाचा रस्ता बघून पोटात तुटतं हे पण लिहिलं पाहिजे.

बावटा_रायगड
माझं गाव अलिबाग तालुक्यात, म्हणजे शेकापचा दुसरा गड. पक्षाचा इतिहास थोडा टाकतो, त्याशिवाय सांगोला कळणार नाही.

१९४७ ला काँग्रेसमधले शेतकरी-बहुजन पुढारी बाहेर पडायला लागले, केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी, त्यातून पक्ष झाला. १९५० ला दाभाडीचा प्रबंध, म्हणजे मार्क्सवादी भूमिका लेखी. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी पक्ष जोरात. पण राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांनी बहुजन समाजातल्या कार्यकर्त्यांना काँग्रेसचं दार उघडलं आणि सहकारी कारखाने, जिल्हा बँका, जिल्हा परिषदा यांच्या वाटेनं शेकापचा पाया काँग्रेसकडं सरकला. आता आमदारांचे आकडे बघा, १९६७ ला १९, १९७८ ला १३, १९९५ ला ६, २००४ ला फक्त २, २०१४ ला ३, २०१९ ला १ आणि २०२४ ला १. तो २०२४ चा एक म्हणजे सांगोला. आमच्या रायगडात सुद्धा एक आला नाही.

म्हणजे पक्ष आटत गेला आणि हा एक मतदारसंघ आटला नाही. त्याचं कारण मला वाटतं सूतगिरणी. काँग्रेसवाल्यांनी कारखान्यांतून माणसं बांधली, आबासाहेबांनी तेच सहकाराचं हत्यार घेऊन दुष्काळी भागात शेतकरी सहकारी सूतगिरणी काढली आणि ती नीट चालवून दाखवली. जिथं कापूस पिकत नाही तिथं सूतगिरणी, लोक हसले असतील तेव्हा. राज्यातल्या कितीतरी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या, अवसायनात गेल्या, सांगोल्याची चालू राहिली. पगार वेळेवर, हिशोब उघडा. माणूस विरोधात बसून सुद्धा लोकांना काम देऊ शकतो हे तिथं दिसलं.

माणकाठचा
@बावटा_रायगड सूतगिरणीबरोबर शिरभावीची पाणीयोजना पण धरा. ८१ गावांची प्रादेशिक योजना, पंढरपूरहून भीमेचं पाणी पिण्यासाठी. अशा मोठ्या प्रादेशिक योजना राज्यभर लाइट बिल थकून बंद पडलेल्या दिसतात. आमच्या गावात टँकर बंद झाला तो या योजनेमुळं.

@खिल्लार तुम्ही म्हणता की पाणी कधी आलं ते महत्त्वाचं. मान्य. पण शेतीचं पाणी नव्हतं तेव्हा तालुका नुसता बसून राहिला नाही. ठिबकवर डाळिंब आलं, अजनाळ्यासारख्या गावात डाळिंबाच्या पैशातून बंगले उठले. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्यातून, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. दुष्काळी तालुक्याच्या स्टेशनवरून फळं बंगालला गेली. याच्यात आमदाराचं श्रेय किती आणि शेतकऱ्याचं किती, तर शेतकऱ्याचंच जास्त. पण रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचवायला कोणीतरी ती योजना कलमासकट पाठ असलेला लागतो, तो आम्हाला मिळाला होता.

खिल्लार
आणि त्या डाळिंबाचं पुढं काय झालं? तेल्या, मर रोग, मग खोडकिडा. बागाच्या बागा काढून टाकल्या लोकांनी, आमची पण काढली. तेव्हा तालुक्याचा आवाज कुठं होता सांगा.

पुणे_माहेर_सांगोला
इतके प्रतिसाद वाचले आणि एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. वर लिहिलंय १५ निवडणुका ४ आमदार. चारही पुरुष. एकदाही बाई नाही, आणि प्रमुख उमेदवार म्हणून सुद्धा बायकांची नावं डोळ्यांसमोर येत नाहीत. पाण्यासाठी सगळ्यात जास्त पायपीट कोणी केली तर आमच्या आया-आज्यांनी. रोजगार हमीच्या कामावर निम्म्याच्या वर बायका. पाणी परिषदेला ट्रॅक्टर भरभरून बायका गेल्या. आणि मतदारसंघाचं प्रतिनिधित्व म्हटलं की चर्चा आबासाहेब, बापू, दीपकआबा साळुंखे, नातू एवढ्यावर संपते.

आबासाहेबांबद्दल माझ्या आईला फार माया. तिचं म्हणणं असं की त्यांच्याकडं कागद घेऊन जायला मध्यस्थ लागायचा नाही, बाईमाणूस एकटी जाऊन उभी राहिली तरी ऐकून घ्यायचे. माझ्या मते ते पन्नास वर्षं टिकले ते यामुळं. प्रतिनिधित्व म्हणजे फक्त निधी नसतो हे मला आईमुळं कळलं. पण म्हणून हा दुसरा प्रश्न सुटत नाही. २०१९ ला त्यांनी थांबायचं ठरवल्यावर पक्षानं आधी दुसऱ्याचं नाव पुढं केलं आणि शेवटी उमेदवारी नातवालाच दिली, २०२४ ला दुसऱ्या नातवाला. ज्या पक्षानं आयुष्यभर वाडा-घराण्यांविरुद्ध भाषणं केली त्याला तालुक्यात घराबाहेरचा कार्यकर्ता सापडू नये? एखादी कार्यकर्ती तर लांबच.

सोलापुरी_चादर
घराणेशाहीचा मुद्दा बरोबर, पण तो एकट्या शेकापला लावून चालणार नाही. काकासाहेब साळुंख्यांचं राजकारण पुढं दीपकआबांनी चालवलं, २०२४ ला ते ठाकरे गटाकडून तिसऱ्या नंबरवर होते. बापू तिकडं शिंदे गटाकडून. खरं तर शेकाप आणि ठाकरे गट दोघंही महाविकास आघाडीतले, तरी एकाच जागेवर दोघंही लढले. लोकांनी आघाडीचं गणित बाजूला ठेवून आपलं आपण ठरवलं.

बापूंबद्दल पण थोडं नीट लिहूया. त्यांचं नाव निघालं की लोक २०२२ चा तो गुवाहाटीचा फोन आठवतात, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील. सगळ्या देशाला सांगोला त्या एका वाक्यानं माहीत झाला याचं मला वाईट वाटतं. चिकमहूदचा हा माणूस आबासाहेबांविरुद्ध परत परत उभा राहिला, परत परत पडला आणि तरी तालुका सोडून गेला नाही. विरोधी बाजू जिवंत ठेवली त्यानं. नाहीतर अशा ठिकाणी निवडणूक म्हणजे नुसता उपचार होऊन बसतो. १९२ आणि ७६८ हे आकडे सांगतात की निम्मा तालुका नेहमी दुसऱ्या बाजूला होता. पन्नास वर्षं एकच आमदार म्हणजे सगळा तालुका एका मताचा, असं समजू नका.

भाळवणीकर
माझा प्रश्न वेगळाच आहे. आम्ही पंढरपूर तालुक्यातले. तहसील पंढरपूर, बाजार पंढरपूर, पंचायत समिती पंढरपूर. पण २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत भाळवणी मंडल सांगोला विधानसभेला जोडलं गेलं. आमदार सांगोल्याचा. त्याच्यासाठी सांगोला तालुका म्हणजे घर आणि आम्ही म्हणजे शेपूट. मतमोजणीच्या दिवशी मात्र आमच्या फेऱ्यांकडं सगळ्यांचं लक्ष, कारण फरक ७६८ चा असेल तर आमच्यातली दोन गावं निकाल फिरवू शकतात.

वरती लोकसभेचं पण तसंच. आधी पंढरपूर राखीव मतदारसंघ होता, रामदास आठवले खासदार होते. २००९ पासून माढा, त्यात करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस आणि सातारा जिल्ह्यातले फलटण, माण. पहिल्या वेळी स्वतः शरद पवार उभे होते. करमाळ्याच्या माणसाचं आणि माणच्या माणसाचं काय नातं? रेषा मारणाऱ्याला नकाशावर लोकसंख्या दिसते, कालवा दिसत नाही.

टेंभू_टप्पा
@भाळवणीकर तुमचं दुःख समजतं, पण कालव्याचं म्हणाल तर माढा मतदारसंघात एक धागा आहे, नीरा उजवा कालवा. फलटण, माळशिरस, पंढरपूर आणि शेवटी सांगोला. २०१९ च्या जूनमध्ये नीरा-देवघर धरणाचं बारामतीकडं डाव्या कालव्याला जाणारं जादा पाणी थांबवायचा निर्णय झाला, मग पुढच्या सरकारनं २०२० ला वाटप परत बदललं. उजव्या कालव्यावरची बहुतेक गावं एका मतदारसंघात आल्यामुळं हा विषय थेट लोकसभेच्या प्रचारात आला. पूर्वी तो दोन जिल्ह्यांत विभागला जाऊन मरायचा. तेव्हा रेषेचा कधी फायदा पण होतो.

माणकाठचा
पुनर्रचनेचा विषय निघालाच आहे तर पुढचं पण बोलूया. सध्याच्या रेषा २००१ च्या जनगणनेवर आहेत. राज्यातल्या जागा १९६२ ला २६४ होत्या, ६७ ला २७०, आणि ७८ पासून २८८ वर थांबल्यात कारण जागांची संख्या घटनादुरुस्तीनं गोठवली. ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. आता जनगणना २०२७ ला धरलीय, त्यानंतर नवी पुनर्रचना, आणि त्याच्याबरोबर महिला आरक्षण, १०६ वी घटनादुरुस्ती, एक तृतीयांश जागा. @पुणे_माहेर_सांगोला तुमच्या मुद्द्याचं उत्तर तालुक्यातल्या पुढाऱ्यांनी दिलं नाही तर कायदा देईल.

आणि आमच्यासारख्या कोरड्या भागाला यात धोका आहे. लोकसंख्येवर जागा वाटल्या की पुणे, ठाणे वाढणार आणि ज्या तालुक्यातली पोरं @गलाईवाला सारखी बाहेर गेलीत तो तालुका कागदावर लहान दिसणार. पाण्यामुळं माणसं गेली, माणसं गेल्यामुळं आवाज कमी होणार आणि आवाज कमी झाल्यामुळं पाणी. हे मला आबासाहेब का बापू यापेक्षा फार मोठं वाटतं.

गलाईवाला
@माणकाठचा हे कधी डोक्यात आलं नव्हतं. माझं मत अजून गावातच आहे, मतदानाला येतो मी, आमच्यातले बरेच जण गाड्या करून येतात. पण जनगणनेत आम्ही केरळात मोजले जाणार. म्हणजे मत सांगोल्याचं आणि डोकं कोट्टायमचं.

बावटा_रायगड
मूळ प्रश्नावर माझं मत. विरोधातला आमदार तालुक्याला महाग पडतो का? पडतो. पण सभागृहाला तो लागतो. आबासाहेब विरोधी पक्षनेतेही होते, आणि सहकार, रोजगार हमी, पाणीवाटप यावर ते उभे राहिले की समोरचे मंत्री कागद चाळायला लागायचे, हे आमच्याकडच्या जुन्या आमदारांकडून कितीदा ऐकलंय. त्याचा फायदा गडचिरोलीतल्या मजुराला पण झाला असेल, ज्याला सांगोला कुठं आहे हे माहीत नाही. सांगोल्यानं राज्याला एक आमदार दिला असं मी म्हणेन. त्याची किंमत तालुक्यानं एकट्यानं मोजली, ते पण खरं.

खिल्लार
@बावटा_रायगड हे तुम्ही लिहिलं ते मला पटलं, विशेषतः शेवटचं वाक्य. एवढंच कोणीतरी म्हणावं असं वाटत होतं.

आता पुढचं. टेंभूचं पाणी माण नदीत सोडतात, बुद्धेहाळ तलाव भरतात, बंधारे भरतात, हे आता दिसायला लागलंय. पण कधी सोडणार आणि किती दिवस, ते शेवटच्या गावाला आदल्या दिवशी कळतं. वरच्या तालुक्यांनी मोटारी टाकल्या की आमच्याकडं येईपर्यंत धार बारीक. नव्या आमदारांकडं माझी एकच मागणी हाय, प्रत्येक आवर्तनाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या पाळीच्या, आधी कुठल्या बंधाऱ्याला किती पाणी याचा तक्ता गावोगावच्या चावडीवर लागला पाहिजे.

टेंभू_टप्पा
@खिल्लार हा तक्ता कार्यालयात तयार असतो, प्रत्येक आवर्तनाचा. मागणी लेखी करा, पाणीवापर संस्थेच्या लेटरहेडवर, आणि त्यात दोन गोष्टी मागा: तालुक्याच्या हद्दीवर प्रवाह मोजायची सोय आणि रोजची नोंद. उपसा योजनांच्या वीजबिलातले ८१ टक्के शासन भरतं आणि १९ टक्के शेतकरी, तेव्हा आपण पैसे भरणारे आहोत, आपल्या हद्दीत किती पाणी आलं हे विचारायचा हक्क आहे. आमदार विरोधी पक्षाचा असला तरी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत तो बसतो. तिथं हा कागद त्यांच्या हातात द्या. अर्जाचा मसुदा मी उद्या इथंच टाकतो.

भाळवणीकर
टाका, आणि त्यात नीरा उजव्या कालव्याच्या शेपटाकडच्या आमच्या गावांचा पण एक परिच्छेद ठेवा.